वेब सर्व्हिसला स्वतःच्या क्लासचा ऑब्जेक्ट पाठवताना: सिरीयलायझेशनचे सविस्तर मार्गदर्शन

वेब सर्व्हिसला एखादा क्रमांक किंवा एखादे नाव पाठवायचे असते तोवर फारशी अडचण येत नाही. आपण स्वतः लिहिलेल्या क्लासचा ऑब्जेक्ट पॅरामीटर म्हणून द्यायची वेळ आली की अडचणींना सुरुवात होते. प्रोग्राम कंपाइल होतो, कॉल जातो, सर्व्हरकडून यशाचे उत्तरही येते. पण तिकडच्या डेटाबेसमध्ये पाहावे तर जन्मतारीख एक दिवस अलीकडची पडलेली असते, रकमेच्या रकान्यात शून्य असते आणि यादी रिकामी असते. कुठेही एरर दिसत नाही, म्हणूनच असे दोष शोधण्यात सर्वांत जास्त वेळ जातो. हे दोष टाळण्यासाठी कोणत्या क्रमाने काम करावे, ते या लेखात मांडले आहे. सोप (संदेश देवाणघेवाणीची ठरलेली पद्धत) आणि एक्सएमएल (खुणांनी बांधलेला मजकूर) वापरणाऱ्या जुन्या सर्व्हिस तसेच जेसन (नाव-मूल्यांच्या जोड्यांचा हलका मजकूर) वापरणाऱ्या नव्या सर्व्हिस, दोन्हींचा विचार त्यात आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की धरावी: ऑब्जेक्ट नेटवर्कवरून कधीच जात नाही. मेमरीतील ऑब्जेक्टमध्ये मूल्ये असतात, दुसऱ्या ऑब्जेक्टकडे बोट दाखवणारे रेफरन्स असतात आणि त्याच्या क्लासने दिलेल्या मेथड असतात. यांपैकी रेफरन्सला दुसऱ्या मशीनवर काहीच अर्थ नसतो आणि मेथड तर पाठवल्याच जात नाहीत. जाते ते फक्त मूल्यांचे वर्णन, ठरलेल्या मांडणीत लिहिलेल्या मजकुराच्या किंवा बाइटच्या रूपात. असे वर्णन तयार करण्याला सिरीयलायझेशन, ते करणाऱ्या लायब्ररीला सिरीयलायझर आणि वर्णनावरून पुन्हा ऑब्जेक्ट बनवण्याला डीसिरीयलायझेशन म्हणतात. पलीकडचा प्रोग्राम तो मजकूर वाचून स्वतःच्या क्लासचा नवा ऑब्जेक्ट तयार करतो, आणि तो क्लास आपल्यापेक्षा वेगळ्या भाषेत, वेगळ्या लोकांनी लिहिलेला असू शकतो. म्हणून ‘माझा ऑब्जेक्ट तिकडे कसा पाठवू’ यापेक्षा ‘तिकडे कोणता संदेश पोहोचायला हवा’ या प्रश्नापासून सुरुवात केली, तर पुढची बरीच कामे सोपी होतात.

उदाहरणासाठी ‘आरक्षण’ नावाचा एक क्लास घेऊ. त्यात आरक्षण क्रमांक, आरक्षण केल्याची वेळ, प्रवासाची तारीख, प्रवाशांची यादी, एकूण रक्कम, आरक्षणाची स्थिती आणि पैसे भरण्याची पद्धत इतक्या प्रॉपर्टी आहेत. प्रत्येक प्रवाशाला नाव आणि जन्मतारीख आहे, शिवाय आपण कोणत्या आरक्षणात आहोत हे सांगणारा उलटा रेफरन्सही आहे. पैसे भरण्याच्या पद्धतीचा एक मूळ क्लास असून ‘कार्ड’ आणि ‘बँक हस्तांतरण’ हे त्याचे उपक्लास आहेत. दिसायला साधी वाटणारी ही रचना सिरीयलायझेशनच्या जवळजवळ सगळ्या अडचणी समोर आणते.

पहिली पायरी: संदेश हाताने लिहून काढा

कोड लिहिण्याआधी सर्व्हरला अपेक्षित असलेला एक पूर्ण संदेश साध्या टेक्स्ट फाइलमध्ये हाताने लिहावा. सोप सर्व्हिस असेल तर त्याचा आधार डब्ल्यूएसडीएल फाइल (सर्व्हिसच्या मेथड आणि टाइप यांचे वर्णन) आणि तिच्यातील एक्सएमएल स्कीमा (घटकांचे टाइप व नियम) हा असतो. जेसन सर्व्हिस असेल तर ओपनएपीआय दस्तऐवज (सर्व्हिसचे असेच वर्णन) किंवा सर्व्हिस देणाऱ्यांचे नमुने असतात. लिहिताना प्रत्येक फील्डबाबत काही प्रश्नांची उत्तरे मिळवावीत. नाव नेमके काय आहे, आणि त्यातील लहान-मोठी अक्षरे कशी आहेत? ते सक्तीचे आहे का? ते रिकामे ठेवायचे असल्यास नल (‘मूल्य नाही’ ही खूण) पाठवायचे की फील्डच वगळायचे? एक्सएमएल असेल तर ते कोणत्या नेमस्पेसमध्ये (नावांचा गट ओळखवणाऱ्या पत्त्यात) आहे, आणि घटकांचा क्रम ठरलेला आहे का?

जेसनमध्ये या प्रश्नांना अधिक महत्त्व येते, कारण त्या मांडणीतच फार थोडे प्रकार आहेत. २०१७ च्या आरएफसी ८२५९ नुसार (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या मानकांचे दस्तऐवज) जेसनमध्ये मजकूर, संख्या, बूलियन आणि नल हे चार साधे प्रकार आणि ऑब्जेक्ट व ॲरे हे दोन रचनात्मक प्रकार आहेत. तारीख नाही, दशांश रकमेसाठी वेगळा प्रकार नाही, बाइटसाठीही नाही. या सगळ्या गोष्टी मजकूर किंवा संख्या म्हणून कशा लिहायच्या हे दोन्ही बाजूंनी आपसात ठरवायचे असते, आणि ते ठरले नसेल तर दोन्हीकडच्या लायब्ररी आपापल्या सवयीप्रमाणे वागतात.

हाताने लिहिलेली ही फाइल जपून ठेवावी. पुढे सातव्या पायरीत तिचाच उपयोग होणार आहे.

दुसरी पायरी: संदेशासाठी वेगळा क्लास करा

ॲप्लिकेशनच्या आतला ‘आरक्षण’ क्लास थेट सिरीयलायझरच्या हाती देऊ नये, असे माझे ठाम मत आहे. त्या क्लासवर डेटाबेसच्या मॅपिंगचे ओझे असते, काही प्रॉपर्टी वाचल्या की मागे क्वेरी सुटते, काहींमध्ये बाहेर जाऊ नये अशी माहिती असते. उद्या कोणी त्यात एक नवी प्रॉपर्टी घातली तर ती नकळत बाहेरच्या संदेशातही जाते. त्याऐवजी ‘आरक्षणसंदेश’ नावाचा वेगळा क्लास करावा. त्यात फक्त डेटा असावा, तर्क नसावा, आणि त्याची रचना हाताने लिहिलेल्या संदेशाशी तंतोतंत जुळावी. अशा क्लासला डीटीओ (डेटा ट्रान्सफर ऑब्जेक्ट) म्हणतात. आतल्या क्लासवरून डीटीओ भरणारे आणि डीटीओवरून आतला क्लास बनवणारे अशी दोन छोटी फंक्शन लिहावीत. थोडे जास्त टायपिंग होते हे खरे, पण बाहेरच्या सर्व्हिसमध्ये बदल झाला की दुरुस्तीची जागा एकच राहते.

डीटीओ लिहिताना आपल्या सिरीयलायझरच्या अटी माहीत असाव्यात. डॉट नेटमधील एक्सएमएल सिरीयलायझरला पॅरामीटर नसलेला कन्स्ट्रक्टर लागतो. तो फक्त पब्लिक फील्ड आणि वाचता-लिहिता येणाऱ्या पब्लिक प्रॉपर्टी पाहतो, प्रायव्हेट सदस्यांकडे दुर्लक्ष करतो आणि डिक्शनरी स्वीकारत नाही. डेटा कॉन्ट्रॅक्ट सिरीयलायझरची पद्धत उलटी आहे: ‘डेटा कॉन्ट्रॅक्ट’ची खूण केलेल्या क्लासमध्ये ज्या सदस्यांवर ‘डेटा मेंबर’ची खूण केली आहे तेवढेच तो पाठवतो, आणि वाचताना कन्स्ट्रक्टर चालवतच नाही, त्यामुळे कन्स्ट्रक्टरमध्ये तयार केलेली रिकामी यादी वाचलेल्या ऑब्जेक्टमध्ये नल असू शकते. जावामध्ये जॅक्सन (जेसनसाठी) आणि जॅक्सबी (एक्सएमएलसाठी) या दोन्ही लायब्ररी साधारणतः पॅरामीटर नसलेला कन्स्ट्रक्टर शोधतात. जॅक्सनमध्ये तो नको असेल तर ‘जेसन क्रिएटर’ची खूण करून दुसरा कन्स्ट्रक्टर दाखवता येतो. जॅक्सबी २०१८ मधील जावा ११ पासून मूळ जेडीकेमध्ये येत नाही, म्हणून ती वेगळी जोडावी लागते. पायथनचे जेसन मॉड्यूल आपल्या क्लासचा ऑब्जेक्ट मिळाल्यावर सरळ टाइप एरर देते. डीटीओ डेटाक्लास म्हणून लिहून आधी त्याची डिक्शनरी करावी, किंवा ‘डिफॉल्ट’ पॅरामीटरमधून रूपांतराचे फंक्शन द्यावे. जावास्क्रिप्टमध्ये एररसुद्धा येत नाही: मॅप आणि सेट रिकाम्या ऑब्जेक्टसारखे लिहिले जातात, अनडिफाइंड मूल्याची प्रॉपर्टी गळते आणि एनएएनच्या (‘संख्या नाही’ या मूल्याच्या) जागी नल जाते.

सोप सर्व्हिसमध्ये डब्ल्यूएसडीएलवरून टूल स्वतःच प्रॉक्सी क्लास (सर्व्हरच्या वतीने आपल्या कोडमध्ये वापरायचे क्लास) तयार करून देते, आणि इथे एक गोंधळ वारंवार होतो. सर्व्हरवरचा ‘आरक्षण’ क्लास आणि प्रॉक्सीतला ‘आरक्षण’ क्लास यांची नावे सारखी असली तरी कंपाइलरच्या दृष्टीने ते दोन वेगळे टाइप असतात. दोन्हीकडे एकच लायब्ररी जोडली असली, तरी त्या लायब्ररीतला ऑब्जेक्ट प्रॉक्सीच्या मेथडला चालत नाही आणि टाइप बदलता येत नसल्याची एरर येते. तेथे कास्ट करून उपयोग नाही. प्रॉक्सीतल्या क्लासलाच डीटीओ मानावे आणि एकेक मूल्य त्यात भरावे. डब्ल्यूसीएफच्या (डॉट नेटमधील वेब सर्व्हिसच्या चौकटीच्या) टूलमध्ये आधीच जोडलेल्या असेंब्लीतील (कंपाइल केलेल्या लायब्ररीतील) टाइप पुन्हा वापरण्याचा पर्याय आहे. दोन्ही बाजू आपल्याच ताब्यात असतील तर तोही चालतो. तयार झालेल्या प्रॉक्सीच्या फाइलमध्ये मात्र हाताने बदल करू नयेत, कारण पुढच्या अपडेटला ते पुसले जातात.

तिसरी पायरी: प्रत्येक मूल्याचे रूप ठरवा

या पायरीला सर्वांत जास्त वेळ द्यावा.

तारखांपासून सुरुवात करू. आपल्या उदाहरणात दोन वेगळ्या जातीच्या तारखा आहेत. ‘आरक्षण केल्याची वेळ’ हा काळातला एक नेमका क्षण आहे. जगात कुठूनही पाहिले तरी तो तोच राहतो. असा क्षण आरएफसी ३३३९ मध्ये दिलेल्या रूपात, यूटीसीपासूनच्या (जागतिक प्रमाणवेळेपासूनच्या) अंतरासह लिहावा. जन्मतारीख मात्र क्षण नाही, ती कॅलेंडरवरची एक तारीख आहे आणि तिला टाइम झोन नसतो. ती तारीख-वेळेच्या टाइपमध्ये ठेवली की तिला मध्यरात्रीची वेळ चिकटते, यूटीसीमध्ये रूपांतर होताना यूटीसीच्या पुढे असलेल्या टाइम झोनमधील मध्यरात्र आदल्या दिवसात जाते, आणि तारीख एक दिवसाने मागे सरकते. जावास्क्रिप्टचा डेट ऑब्जेक्ट जेसनमध्ये लिहिताना नेहमी यूटीसीमध्येच लिहिला जातो, म्हणून तिथे हा दोष हमखास आढळतो. यावर उपाय म्हणजे अशा तारखेसाठी वेळ नसलेला टाइप वापरणे: जावामध्ये लोकल डेट, डॉट नेट ६ पासून डेट ओन्ली, एक्सएमएल स्कीमात तारीख-वेळेऐवजी केवळ तारखेचा टाइप, आणि जावास्क्रिप्टमध्ये वर्ष-महिना-दिवस असा साधा मजकूर. जॅक्सन २ वापरत असाल तर जावाच्या नव्या तारखांसाठीचे मॉड्यूल जोडावे लागते, आणि तारखा संख्यांच्या रूपात लिहिण्याची त्याची मूळ सेटिंग बंद करावी लागते. नाहीतर लोकल डेट तीन आकड्यांच्या ॲरेच्या रूपात बाहेर पडते आणि पलीकडच्या बाजूला त्याचा अर्थ लागत नाही.

रकमेसाठी बायनरी फ्लोटिंग पॉइंट वापरू नये. त्या पद्धतीत ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३०००००००००००००००४ अशी येते, आणि हिशेबात ते चालत नाही. दोन मार्ग आहेत: रक्कम दशांश टाइपमध्ये ठेवून संदेशात मजकूर म्हणून लिहावी, किंवा चलनाच्या सर्वांत लहान एककात पूर्णांक म्हणून लिहावी. दुसरा मार्ग घेतला तर चलनाचा कोड सोबत पाठवलाच पाहिजे, कारण लहान एककाचे प्रमाण सगळीकडे शंभराचे नसते. आयएसओ ४२१७ नुसार जपानी येनला दशांश स्थाने नाहीत आणि कुवेती दिनारला तीन आहेत. मला स्वतःला पहिला मार्ग जास्त पसंत आहे, कारण लॉगमध्ये रक्कम पाहताना ती जशी आहे तशीच वाचता येते.

आरक्षण क्रमांकासारख्या मोठ्या पूर्णांकांचाही विचार करावा. जावा किंवा डॉट नेटमधील ६४ बिटचा पूर्णांक जेसनमध्ये संख्या म्हणून लिहिला आणि पलीकडे जावास्क्रिप्ट असेल, तर ९००७१९९२५४७४०९९१ च्या पुढच्या संख्यांचे शेवटचे अंक न सांगता बदलू शकतात, कारण तिथली संख्या ५३ बिटपर्यंतच अचूक राहते. ट्विटरने याच कारणासाठी आपल्या एपीआयमध्ये पोस्टचा क्रमांक संख्येबरोबर मजकुराच्या रूपातही द्यायला सुरुवात केली होती. ज्या क्रमांकावर बेरीज-वजाबाकी करायची नाही, तो मजकूर म्हणूनच पाठवावा.

स्थिती दाखवणाऱ्या इनमसाठी (ठरावीक नावांच्या यादीच्या टाइपसाठी) अंकाऐवजी नाव पाठवावे. अंक पाठवला आणि पुढे कोणी यादीच्या मध्ये नवी स्थिती घातली की जुने सगळे अर्थ सरकतात. वाचताना अनोळखी नाव आले तर काय करायचे, हेही आधीच ठरवावे; ‘अज्ञात’ असे एक मूल्य ठेवणे बहुतेक वेळा पुरते.

फाइल किंवा चित्र पाठवायचे असेल तर बेस-६४ (बाइट साध्या अक्षरांत लिहिण्याची पद्धत) वापरता येते, पण त्यात तीन बाइटचे चार अक्षरांत रूपांतर होते, म्हणजे आकार सुमारे एक तृतीयांशाने वाढतो. मोठ्या फाइलसाठी मल्टिपार्ट रिक्वेस्ट, आणि सोपमध्ये एमटॉम (बाइट संदेशासोबत वेगळे पाठवण्याची पद्धत) वापरावे.

चौथी पायरी: नल, रिकामे आणि गैरहजर यांत फरक करा

फील्ड संदेशात नसणे, असून नल असणे, आणि असून रिकामे असणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. माहिती अंशतः बदलणाऱ्या कॉलमध्ये तर हा फरक निर्णायक ठरतो: आरएफसी ७३९६ मधील जेसन मर्ज पॅचच्या नियमानुसार गैरहजर फील्ड जसे आहे तसे राहते, तर नल पाठवलेले फील्ड काढून टाकले जाते. क्लायंटचा सिरीयलायझर सगळी न भरलेली फील्ड नल म्हणून लिहीत असेल, तर एका पत्त्यातील दुरुस्ती करताना उरलेली माहिती पुसली जाईल. म्हणून ‘नल लिहायचे की वगळायचे’ ही सेटिंग लायब्ररीच्या मर्जीवर न सोडता स्पष्टपणे द्यावी.

मूल्य-टाइप इथे फसवतात. जावातील साधा इंट किंवा डॉट नेटमधील तारीख-वेळ यांना नल माहीत नसते. फील्ड आले नाही तर तिथे शून्य किंवा वर्ष १ मधली तारीख उरते. सर्व्हरवर वर्ष १ मधली तारीख दिसली तर ती कोणी पाठवलेली नसून फील्ड भरलेच गेले नाही असे समजावे. एसक्यूएल सर्व्हरच्या जुन्या डेटटाइम टाइपची मर्यादा १७५३ पासून सुरू होते, म्हणून हाच दोष कधी कधी डेटाबेसच्या एररच्या रूपात पुढे येतो. वैकल्पिक मूल्यांसाठी नल होऊ शकणारा टाइपच घ्यावा.

डॉट नेटच्या सोप प्रॉक्सीमध्ये आणखी एक बाब आहे आणि ती पुष्कळांच्या लक्षात येत नाही. स्कीमात वैकल्पिक असलेल्या मूल्य-टाइपच्या प्रत्येक प्रॉपर्टीसोबत, तिच्या नावाला ‘स्पेसिफाइड’ जोडलेली एक बूलियन प्रॉपर्टी तयार होते. मूल्य भरले पण ही जोडीदार प्रॉपर्टी ट्रू केली नाही, तर ते मूल्य संदेशात लिहिलेच जात नाही. ‘रक्कम भरली होती, तरी तिकडे शून्य गेली’ अशी तक्रार आली की सर्वप्रथम इथे पाहावे.

पाचवी पायरी: उलटे रेफरन्स आणि उपक्लास

आरक्षणात प्रवासी आहेत आणि प्रत्येक प्रवासी पुन्हा आरक्षणाकडे बोट दाखवतो. सिरीयलायझर या वर्तुळात अडकतो. जॅक्सन अमर्याद पुनरावृत्तीची एरर देते, पायथन आणि जावास्क्रिप्ट वर्तुळ ओळखून थांबतात, डॉट नेटमधील सिस्टिम टेक्स्ट जेसन ठरावीक खोलीनंतर, म्हणजे मुळात ६४ पातळ्यांनंतर, एक्सेप्शन देते. रेफरन्स जपणाऱ्या सेटिंग बहुतेक लायब्ररींत आहेत, पण त्या संदेशात स्वतःच्या खास खुणा घालतात आणि त्या खुणा पलीकडच्या लायब्ररीला कळतीलच असे नाही. डीटीओमध्ये उलटा रेफरन्स ठेवूच नये. लागलाच तर फक्त क्रमांक ठेवावा. वेगळा डीटीओ करण्याचा फायदा इथे स्पष्ट दिसतो.

उपक्लासच्या बाबतीत वाचणाऱ्याला ‘हे कार्ड आहे की बँक हस्तांतरण’ हे कळले पाहिजे. एक्सएमएल सिरीयलायझरला मूळ क्लासवर ‘एक्सएमएल इन्क्लूड’ने आणि डेटा कॉन्ट्रॅक्ट सिरीयलायझरला ‘नोन टाइप’ने उपक्लासची ओळख करून द्यावी लागते, ती दिली नाही तर अनपेक्षित टाइप आल्याची एरर येते. जेसनमध्ये ‘प्रकार’ असे एक फील्ड ठेवून त्यात आपण ठरवलेले छोटे नाव लिहावे. तिथे क्लासचे पूर्ण नाव कधीही लिहू नये. त्याचे कारण नवव्या पायरीत येईल.

सहावी पायरी: सिरीयलायझर एकदाच सजवा, आणि बाइटकडे लक्ष द्या

तारखा, नल, नावांची पद्धत, इनम या सगळ्या सेटिंग एकाच ठिकाणी लिहून तोच सिरीयलायझर सर्वत्र वापरावा. प्रत्येक कॉलला नवा बनवणे खर्चिक असते. डॉट नेटच्या एक्सएमएल सिरीयलायझरचे काही कन्स्ट्रक्टर तर दर वेळी नवी असेंब्ली तयार करतात आणि ती मेमरीतून जात नाही, त्यामुळे दीर्घकाळ चालणाऱ्या प्रोसेसची मेमरी हळूहळू भरत जाते. जॅक्सनचा ऑब्जेक्ट मॅपर एकदा सजवल्यानंतर अनेक थ्रेडमध्ये निर्धास्तपणे वापरता येतो.

मजकूर बाइटमध्ये बदलताना यूटीएफ-८ स्पष्टपणे सांगावे. आरएफसी ८२५९ नुसार वेगवेगळ्या यंत्रणांमध्ये जाणारा जेसन यूटीएफ-८ मध्येच असला पाहिजे आणि त्याच्या सुरुवातीला बाइट ऑर्डर मार्क (एन्कोडिंग दाखवणारे सुरुवातीचे बाइट) घालता येत नाही. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, म्हणून कंटेंट लेंग्थ हेडर हाताने भरत असाल तर अक्षरे न मोजता बाइट मोजावेत, अन्यथा नावाचा शेवट तुटतो. जावा १८ च्या आधीच्या आवृत्त्यांत डिफॉल्ट एन्कोडिंग ऑपरेटिंग सिस्टिमवर अवलंबून असे, तर डॉट नेटचा स्ट्रिंग रायटर एक्सएमएलच्या पहिल्या ओळीत यूटीएफ-१६ लिहितो. मजकूर पुढे यूटीएफ-८ मध्ये गेला की ती ओळ आणि प्रत्यक्ष बाइट यांचा मेळ बसत नाही.

कंटेंट टाइप हेडरही बरोबर हवे. जेसनसाठी ‘ॲप्लिकेशन/जेसन’, सोप १.१ साठी ‘टेक्स्ट/एक्सएमएल’ आणि सोबत सोप ॲक्शन हेडर, सोप १.२ साठी ‘ॲप्लिकेशन/सोप+एक्सएमएल’. ४१५ (हा कंटेंट टाइप चालत नाही) हा स्टेटस आला तर बहुधा चूक इथेच असते.

सातवी पायरी: प्रत्यक्ष गेलेला संदेश पाहा

डीबगरमध्ये ऑब्जेक्ट भरलेला दिसतो म्हणून संदेशही बरोबर असेल, असे मानू नये. फिडलरसारखा प्रॉक्सी (मध्ये बसून जाणारे-येणारे संदेश दाखवणारे टूल), किंवा एचटीटीपी क्लायंटचे लॉगिंग वापरून बाहेर पडलेला कच्चा मजकूर मिळवावा आणि पहिल्या पायरीत हाताने लिहिलेल्या फाइलशेजारी ठेवून ओळीने ओळ ताडून पाहावा. हाताने लिहिलेला संदेश पोस्टमन किंवा सोपयूआय या चाचणीच्या टूलमधून पाठवला की काम होते, पण प्रोग्राममधून पाठवला की होत नाही, अशी स्थिती असेल तर दोष या दोन मजकुरांतील फरकातच आहे आणि तो शोधायला अंदाज करत बसावे लागत नाही.

एक्सएमएलमध्ये सर्वांत आधी नेमस्पेस पाहावे. घटकाचे नाव बरोबर पण नेमस्पेस वेगळे असेल तर वाचणारी लायब्ररी त्याला अनोळखी समजून बहुधा सोडून देते, आणि फील्ड गुपचूप नल राहते. नेमस्पेसमधील शेवटची तिरकी रेघ असणे-नसणे एवढ्यानेही हे होते. त्यानंतर क्रम पाहावा. डेटा कॉन्ट्रॅक्ट सिरीयलायझर सदस्यांना क्रम दिला नसेल तर मूळ क्लासचे सदस्य आधी आणि मग उरलेले वर्णानुक्रमे, असा क्रम धरतो. वाचताना वेगळ्या क्रमाने आलेले घटक तो न सांगता वगळू शकतो. काही फील्ड पोहोचतात आणि काही पोहोचत नाहीत, असे दिसले की क्रमाचा संशय घ्यावा.

अँड्रॉइडवर केसोप-२ लायब्ररीतून डॉट नेटची सोप सर्व्हिस वापरणाऱ्यांना हेच नियम लागू होतात. तिथे आपल्या क्लासने ‘केव्हीएम सिरीयलायझेबल’ इंटरफेस अमलात आणावा लागतो, एन्व्हलपला (सोप संदेशाच्या बाहेरच्या वेष्टनाला) ‘ॲड मॅपिंग’ने नेमस्पेस, नाव आणि क्लास यांची सांगड घालून द्यावी लागते, आणि एन्व्हलपवरची ‘डॉट नेट’ ही खूण ट्रू करावी लागते. यांतले एक जरी चुकले तरी सर्व्हरपर्यंत पॅरामीटर नल पोहोचतो. मॅपिंगमधील नेमस्पेस डब्ल्यूएसडीएलमधूनच उचलावे; टाइप करून लिहू नये.

जेसनमध्ये बहुतेक वेळा लहान-मोठ्या अक्षरांचा फरक निघतो. सिस्टिम टेक्स्ट जेसन मुळात अक्षरांच्या आकाराबाबत काटेकोर आहे, म्हणून दुसऱ्या लायब्ररीवरून तिच्याकडे आलेल्या प्रकल्पांत प्रॉपर्टी अचानक रिकाम्या दिसू लागतात.

कच्चा मजकूर लॉग करताना कार्ड क्रमांक, पासवर्ड आणि टोकन झाकावेत, आणि तपासणी संपल्यावर तो लॉग बंद करावा.

आठवी पायरी: उत्तर वाचताना

उत्तराचा मजकूर वाचण्याआधी स्टेटस आणि कंटेंट टाइप तपासावा. मध्येच एखाद्या प्रॉक्सी सर्व्हरने एचटीएमएल पान पाठवले असेल आणि आपण ते जेसन समजून वाचायला गेलो, तर पहिल्याच अक्षरावर पार्सिंगची एरर येते आणि मूळ कारण झाकले जाते. सोप १.१ मध्ये फॉल्ट (एररचा) संदेश ५०० स्टेटससह येतो, पण त्यातील मजकूर उपयोगाचा असतो. तो टाकून देऊ नये.

सर्व्हिस देणाऱ्याने उद्या एखादे नवे फील्ड जोडले तर आपला प्रोग्राम बंद पडू नये. जॅक्सन २ मुळात अनोळखी प्रॉपर्टीवर एरर देते, ती सेटिंग क्लायंटसाठी सैल करावी. याउलट आपल्याला आवश्यक असलेले फील्ड आले नाही, तर मात्र लगेच आणि स्पष्ट शब्दांत एरर द्यावी. डीटीओवरून आतला क्लास बनवणारे फंक्शन ही त्या तपासणीची योग्य जागा आहे.

नववी पायरी: बाहेरून आलेल्या मजकुरावर विश्वास ठेवू नका

कोणता क्लास तयार करायचा हे आलेल्या संदेशालाच ठरवू दिले, तर हल्लेखोर आपल्या प्रोसेसमध्ये स्वतःला हवा तो क्लास तयार करवून घेऊ शकतो आणि त्यातून हवा तो कोड चालवू शकतो. ओवास्प या वेब सुरक्षेच्या संस्थेच्या २०१७ च्या पहिल्या दहा धोक्यांच्या यादीत असुरक्षित डीसिरीयलायझेशनला स्वतंत्र स्थान मिळाले ते यामुळेच. जावाचे मूळ सिरीयलायझेशन, पायथनचे पिकल आणि डॉट नेटचा बायनरी फॉर्मॅटर यांचा वापर बाहेरच्या डेटासाठी अजिबात करू नये. बायनरी फॉर्मॅटर तर डॉट नेट ९ मध्ये काढूनच टाकला आहे. जेसन वापरले म्हणजे धोका टळला असेही नाही. न्यूटनसॉफ्ट या डॉट नेटच्या जेसन लायब्ररीची ‘टाइप नेम हँडलिंग’ आणि जॅक्सनची ‘डिफॉल्ट टायपिंग’ या सेटिंग संदेशातल्या क्लासच्या नावावर विसंबतात. ‘प्रकार’ फील्डमध्ये स्वतः ठरवलेली छोटी नावे ठेवून ती ठरावीक क्लासशी जोडणे हाच सुरक्षित मार्ग आहे. एक्सएमएल वाचताना डीटीडी (मजकुरातच दिलेले रचनेचे नियम) आणि बाहेरच्या एंटिटी (बाहेरची फाइल आत ओढणाऱ्या खुणा) बंद कराव्यात. जावाच्या पार्सरमध्ये हे स्वतःहून करावे लागते.

दहावी पायरी: नमुने टेस्टमध्ये ठेवा

ऑब्जेक्ट लिहून परत वाचला आणि दोन्ही सारखे निघाले, एवढी टेस्ट पुरेशी नाही. लिहिताना आणि वाचताना एकच चूक झाली तर ती टेस्ट आनंदाने पास होते. पहिल्या पायरीतली हाताने लिहिलेली फाइल कोडबरोबर रिपॉझिटरीत ठेवावी आणि सिरीयलायझरने तयार केलेला मजकूर तिच्याशी ताडून पाहावा. तुलना अक्षराला अक्षर न करता रचनेची करावी, म्हणजे मोकळ्या जागेमुळे टेस्ट पडणार नाही. सर्व्हरकडून प्रत्यक्ष आलेल्या उत्तरांचेही नमुने, त्यातली खरी माहिती बदलून, अशाच ठेवावेत. नमुन्यांत मुद्दाम अवघड मूल्ये घालावीत: देवनागरीतले नाव, अवतरणचिन्ह असलेला पत्ता, रिकामी यादी, नल जन्मतारीख, ५३ बिटच्या पुढचा क्रमांक, मध्यरात्रीच्या आसपासची वेळ. टेस्ट चालणाऱ्या मशीनचा टाइम झोन बदलूनही ती एकदा चालवावी. तारखांचे बहुतेक दोष तेवढ्यानेच उघडे पडतात.

संदेशाची रचना पुढे बदलायची झाल्यास नवे फील्ड वैकल्पिक म्हणून जोडावे, आणि जुन्या फील्डचा अर्थ किंवा टाइप बदलू नये. नाव बदलणे अटळ असेल तर काही काळ दोन्ही नावे पाठवावीत आणि जुन्या नमुन्यांच्या टेस्ट तोवर तशाच चालू ठेवाव्यात.